आखूड हौद्याचा पिकअप, दोन एटीव्ही आणि दारात ट्रेलर ठेवायला बंदी: न्यायच्या कशा?

रानवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या दक्षिणेला राहतो. ओळखीचं एक कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं. जाताना त्यांच्या दोन एटीव्ही, म्हणजे रानात चालवायच्या उघड्या चारचाकी मोटारसायकली, आम्ही घेतल्या. एक पोलारिस स्पोर्ट्समन ५७०, दुसरी होंडा टीआरएक्स९०एक्स. लहान होंडा मुलीसाठी आहे, ती बारा वर्षांची आहे. हेल्मेट, बूट, चेस्ट प्रोटेक्टर सगळं झालंय आणि तिचा सेफ्टी कोर्सही चालू आहे. अडकलंय ते वाहतुकीपाशी.

गाडी फोर्ड एफ-१५०, चार दारांची, मागे मालासाठी साडेपाच फुटी हौदा. राहतो टाऊनहाऊसमध्ये. एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) नियमांप्रमाणे ड्राइव्हवेवर ट्रेलर एक रात्रही उभा करता येत नाही. गॅरेजमध्ये एक कार आणि दोन्ही एटीव्ही दाटीवाटीने बसतात, त्यापुढे फार जागा नाही. ट्रेलर स्टोरेजमध्ये ठेवायचा तर दर महिन्याला भाडं, आणि प्रत्येक वेळी तो आणायला वेगळी फेरी.

सध्याचा बेत असा: मोठी पोलारिस फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडा ठेवून हौद्यात घालायची आणि लहान होंडा एखाद्या छोट्या ट्रेलरवर. आधी हॉलिस्टर हिल्स या एटीव्ही चालवायच्या पार्कला जायचं, हात बसला की पिस्मो बीचजवळच्या ओशियानो ड्यून्सला, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर. गाडीत आम्ही चौघं असणार. यात काय चुकतंय, काय बरोबर आहे? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरूर लिहा.

टेक्सासकर

अभिनंदन! मुलांना मोकळ्या रानात घेऊन जाताय हे वाचूनच बरं वाटलं. फाळका उघडा ठेवून न्यायला काही हरकत नाही, इकडे सगळे तसंच नेतात. मीही नेतो. पुढची चाकं हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवायची, चार पट्टे आवळायचे आणि निघायचं.

नटबोल्ट

टेक्सासकर, तुमचा हौदा किती फुटी आहे? सगळं त्यावर अवलंबून आहे.

रानवाट, एटीव्हीची एकूण लांबी आणि हौद्याची लांबी यांची वजाबाकी बाजूला ठेवा. मागचं चाक नेमकं कुठे टेकतं ते बघा. वजन तिथून खाली उतरतं. बंपर किंवा रॅक हौद्याबाहेर लोंबत असेल तर त्याने फारसं बिघडत नाही.

आता तुमचा हिशेब. स्पोर्ट्समनची लांबी ८३ इंच, दोन चाकांच्या आसांमधलं अंतर ५०.५ इंच, टायर २५ इंची. पुढचा टायर भिंतीला टेकला असं धरलं, तर पुढचा आस भिंतीपासून १२.५ इंचांवर. त्यात ५०.५ मिळवा, म्हणजे मागचा टायर ६३ इंचांवर टेकतो. प्रत्यक्षात टायरच्या आधी पुढचा बंपर भिंतीला लागतो, त्यामुळे आणखी दोन-तीन इंच मागे. म्हणजे ६५-६६ इंच. तुमच्या हौद्याची आतली लांबी ६७.१ इंच. मागचं चाक बरोबर फाळक्याच्या बिजागरीच्या तोंडाशी आलं. एटीव्ही जरा मागे सरकली, एखादा पट्टा सैलावला, की सव्वातीनशे-साडेतीनशे पौंड उघड्या फाळक्यावर. उभ्या गाडीत फाळका तेवढं सहज पेलतो. पण हायवेवर पुलाच्या सांध्यावरून जाताना त्याच वजनाचा दणका कितीतरी मोठा होतो, आणि तो सगळा दोन पातळ केबल्सवर येतो.

रुंदीत मात्र तुम्ही सुटलात. एफ-१५०च्या हौद्यात चाकांवरच्या दोन उंचवट्यांमध्ये ५०.६ इंच जागा असते, पोलारिस ४८ इंची. २०२३पर्यंतच्या टोयोटा टकोमा या मध्यम पिकअपमध्ये तीच जागा ४१-४२ इंच असते, आणि आखूड हौदा ६०.५ इंच. तिथे पूर्ण आकाराची एटीव्ही नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टेक्सासकर

माझा साडेसहा फुटी आहे. हा हिशेब मी असा कधी मांडला नव्हता. माझ्याकडे चाक फाळक्याच्या बरंच आत टेकतं हे खरं. आखूड हौद्यासाठी माझा सल्ला लागू नाही, रानवाट.

नटबोल्ट

दुसरी गोष्ट वजनाची. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळी-पांढरी चिठ्ठी आहे. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पौंड, ते त्यावर लिहिलेलं असतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही हा आकडा वेगळा असतो, म्हणून इंटरनेटवरचा घेऊ नका, तुमच्या चिठ्ठीवरचा सांगा.

रानवाट

चिठ्ठीवर १,५६० पौंड आहे. आम्ही चौघं मिळून साधारण ५५०.

नटबोल्ट

मग बघा.

तुमच्या बेताप्रमाणे: माणसं ५५०, टाकी भरलेली पोलारिस ७१०-७२०, कूलर, हत्यारं, रॅम्प, पाणी धरून १००, आणि मागच्या छोट्या ट्रेलरचा हिचवर (गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या जागेवर) येणारा भार ६०-७०. झाले १,४२० ते १,४४०. बसतं, पण काठोकाठ. त्यातलं अर्धं वजन मागच्या आसाच्याही मागे, उंचावर.

आता उलटं करून पाहा. होंडा हौद्यात, पोलारिस ट्रेलरवर. होंडा साधारण ६१ इंच लांब आणि २७० पौंडांच्या आसपास. तुमच्या ६७ इंची हौद्यात ती फाळका लावून बसते! माणसं ५५०, होंडा २७०, सामान १००. ट्रेलरचं स्वतःचं वजन २७० धरलं तर पोलारिससकट ९८० ते ९९०, त्यातला हिचवर येणारा भार १०० ते १४०. एकूण हजार-साडेदहाशे. पाचशे पौंड हाताशी शिल्लक.

शिवाय सातशे पौंडांचं धूड पस्तीस इंच उंच चढवायची वेळच येत नाही. ट्रेलरची फळी जमिनीपासून दीड-पावणेदोन फुटांवर असते. जड यंत्र कमी उंचीवर, हलकं यंत्र जास्त उंचीवर. मला हाच क्रम बरोबर वाटतो. तुम्हाला हे सगळं नवीन आहे, हात बसायचा आहे, म्हणून तर जास्तच.

घाटमाथा

नटबोल्ट यांच्याशी पूर्ण सहमत. ट्रेलर कुठे ठेवायचा यावर: घडीचे ट्रेलर मिळतात. मधोमध बिजागऱ्या असतात, मागचा अर्धा भाग पुढच्यावर उलटायचा आणि सगळं खालच्या छोट्या चाकांवर उभं करायचं. गॅरेजच्या भिंतीला लागून दोन-अडीच फूट खोली लागते, एखाद्या कपाटाइतकी. माझा गेली काही वर्षं तसाच उभा आहे. एचओएची पत्रं बंद.

घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, रुंदी. स्वस्तातले बहुतेक ४ बाय ८ फुटांचे असतात. ४ फूट म्हणजे ४८ इंच, म्हणजे पोलारिसचे टायर अगदी काठावर. चालतं, पण चढवताना जीव टांगणीला लागतो. पाच फुटी घडीचेही मिळतात, महाग आहेत, पण तुमच्या यंत्रासाठी तेच घ्या.

दुसरी, चाकं. आठ इंची चाकांचे टाळा, बारा इंची घ्या. चाक जितकं लहान तितकं ते वेगाने फिरतं, आणि बेअरिंग तापतं. वाटेत पहिल्यांदा थांबाल तेव्हा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, हात ठेवून बघायची सवय लावून घ्या. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. टायरमधली हवा टायरवर छापलेल्या दाबाइतकी, थंड असताना.

तिसरी, फळी. सुटे भाग जोडून बनवायच्या ट्रेलरमध्ये तळ येत नाही. पाऊण इंची प्लायवुड आणायचं, घडीच्या जागी दोन तुकडे करायचे, बोल्टने पक्कं करायचं. कडांना रंग किंवा सीलर लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. नंबर प्लेटही लागते, कॅलिफोर्नियात ट्रेलरसाठी कायमस्वरूपी पाटी मिळते.

आणि हो, इथे ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल आहे, रस्त्यावर कितीही लिहिलेलं असो. उजवीकडच्या लेनमध्येच राहायचं. बाकीच्या गाड्या सुसाट जात असताना ५५ने चालवायला मन घट्ट करावं लागतं, पण ट्रेलरच्या टायरांचं आणि तुमचं भलं त्यातच आहे.

सोनचाफा

मी हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात काम करते, म्हणून फक्त चढवण्या-उतरवण्याबद्दल लिहिते. रानात चालवताना होणारे अपघात सगळ्यांना ठाऊक असतात. घरासमोर, इंजिन बंद करायच्या दोन मिनिटं आधी किंवा चालू केल्यावर दोन मिनिटांत होणारे कुणाच्या डोक्यात नसतात.

होतं असं. रॅम्पचं वरचं टोक फाळक्यावर नुसतं टेकवलेलं असतं. एटीव्हीची पुढची चाकं वर पोचतात, मागची अजून रॅम्पवर असतात. त्या क्षणी माणूस जरा जास्त अॅक्सिलरेटर देतो. मागची चाकं रॅम्पला मागच्या मागे ढकलतात, रॅम्प निसटतो, आणि सातशे पौंडांचं यंत्र माणसाला खाली घेऊन उलटं येतं. छाती, पाठ, मांडीचं हाड. मी जे पाहते ते सविस्तर लिहीत नाही, पण कृपया हलक्यात घेऊ नका.

एवढं कराच:

रॅम्पला साखळी किंवा पट्टा असतो तो हिचला किंवा गाडीच्या चौकटीला बांधायचा, घट्ट. बांधल्याशिवाय चाक रॅम्पवर चढवायचंच नाही. गाडीला हँडब्रेक, सपाट कोरडी जमीन. रॅम्पच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर चाकांप्रमाणे आधी मोजून घ्यायचं. मुलं आणि बघे रॅम्पच्या मागे नकोत, बाजूला आणि लांब. चढवताना हेल्मेट. मुलीला ती आज रानात फिरणार म्हणून हेल्मेट घालता ना, मग चढवणाऱ्यालाही तेच.

नटबोल्ट

सोनचाफा, फार मोलाचं लिहिलंत. त्यात रॅम्पच्या लांबीची भर घालतो. फाळक्याची उंची ३५ इंच धरली तर सहा फुटी रॅम्पचा चढ २९ अंश होतो, साडेसात फुटी रॅम्पचा २३. कागदावर सहाच अंशांचा फरक, पण बसल्यावर आभाळ दिसतं की हौदा दिसतो एवढा तो मोठा आहे. कमानदार घडीचे रॅम्प घ्या. सरळ रॅम्पवर वरच्या टोकाशी एटीव्हीचं पोट घासतं.

आणि पोलारिसला विंच (दोर गुंडाळून ओढणारी मोटर) आहे का? असेल तर चालवत चढवूच नका. दोर पुढच्या बाजूला पक्क्या जागी अडकवा आणि बटण दाबून यंत्राला स्वतःलाच वर ओढू द्या. तुम्ही बाजूला उभे. दोराच्या रेषेत कुणी नको.

रानवाट

विंच आहे, ३,५०० पौंडांची. हे डोक्यातच आलं नव्हतं! ट्रेलरच्या पुढच्या आडव्या दांड्याला अडकवता येईल?

नटबोल्ट

येईल, पण फक्त चौकटीच्या लोखंडी भागाला, प्लायवुडमध्ये ठोकलेल्या कडीला नाही. आणि आधी ट्रेलर गाडीला जोडलेला हवा. सुट्या ट्रेलरवर मागून वजन चढलं की पुढचं नाक आभाळात जातं.

चढवून झाल्यावर विंचचा ताण सोडून द्या. प्रवासात यंत्र धरून ठेवायचं काम विंचचं नाही, पट्ट्यांचं आहे.

ओहोळ

मग पट्ट्यांवर मी लिहितो, माझा आवडता विषय.

प्रत्येक पट्ट्यावर एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर दोन आकडे असतात: तुटण्याचा भार आणि वर्किंग लोड लिमिट, म्हणजे वापरताना चालणारा जास्तीत जास्त भार. दुसरा पहिल्याच्या एक तृतीयांश असतो. दुकानात मोठ्या अक्षरात पहिला छापतात. तुम्ही दुसराच बघायचा. चिठ्ठी फाटलेला किंवा पुसलेला पट्टा मी वापरत नाही.

इथले व्यावसायिक मालवाहतुकीचे नियम असं धरतात की करकचून ब्रेक लागला तर माल पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने ढकलतो, मागे आणि बाजूला ०.५ पट. म्हणजे तुमची पोलारिस ब्रेक लागल्यावर सुमारे ५७० पौंडांनी पुढे धडक मारणार. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की पट्टे आपोआप नीट निवडले जातात. चार रॅचेट (खटक्याने आवळायचे) पट्टे, प्रत्येकाची मर्यादा किमान ५०० पौंड. दोन पुढे, दोन मागे, वरून बघितलं तर बाहेरच्या बाजूला फाकलेले.

बांधायचं कुठे? हँडलला नाही, सामानाच्या रॅकला नाही. चौकटीला किंवा कंट्रोल आर्मच्या (चाक चौकटीला जोडणाऱ्या दांड्याच्या) मजबूत भागाला. आकडा थेट लोखंडात अडकवू नका, मऊ पट्ट्याचा फास घालून त्यात आकडा अडकवा. ब्रेकची नळी किंवा वायर पट्ट्याखाली येत नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. पोलारिस पार्कमध्ये, होंडा गिअरमध्ये, दोन्हींचा पार्किंग ब्रेक लावून.

मग सस्पेन्शन थोडं दाबलं जाईपर्यंत आवळा. पूर्ण बसवू नका. एक-तृतीयांश पुरे.

पट्टा वाऱ्याने गुणगुणतो, थरथरतो आणि कडेवर घासून तुटतो. मध्ये एक पीळ दिला की आवाज बंद. उरलेलं टोक गुंडाळून गाठ मारा, चाकात जाऊ देऊ नका.

घाटमाथा

ओहोळ, सस्पेन्शन दाबण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. मी चाकंच बांधतो, टायरवर बसणाऱ्या जाळीदार पट्ट्यांनी. चाक फळीला जखडलं की वरचं यंत्र आपल्या स्प्रिंगवर रस्त्याबरोबर डोलत राहतं, पट्ट्यावर झटके येत नाहीत. तुमच्या पद्धतीत मोठा खड्डा आला की सस्पेन्शन आणखी दाबलं जातं, पट्टा क्षणभर सैल होतो, आकडा निसटू शकतो.

ओहोळ

निसटतो तो बिनझडपेचा आकडा. झडप असलेले आकडे वापरले तर नाही. पण तुमचा मुद्दा ट्रेलरसाठी मला मान्य आहे. ट्रेलरला गाडीइतकं चांगलं सस्पेन्शन नसतं, वरचं यंत्र फार उडतं. हौद्यात मात्र चाकाभोवती पट्टा फिरवायला जागाच नसते. तिथे मी चौकटीलाच बांधणार.

घाटमाथा

हे पटलं. हौद्यात चौकट, ट्रेलरवर चाकं.

दर्याकिनारी

इतकी छान चर्चा चालली आहे, राहवलं नाही म्हणून गुहागरहून लिहितोय. आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे, पाहुण्यांसाठी माळावर एटीव्ही फिरवतो. आमच्या यंत्रांना रस्त्यावर चालवायचं रजिस्ट्रेशन नाही, त्यामुळे शेजारच्या गावी न्यायची तरी गाडीवर घालूनच.

तुमचे हौद्यांचे आकडे वाचून नवल वाटलं. आमच्या छोट्या हत्तीचा हौदा साधारण २.२ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो, तळ सपाट, चाकांचे उंचवटे नाहीत. तुमची ८३ इंची पोलारिस त्यात फाळका लावून बसेल. आणि वजन ७५० किलोपर्यंत चालतं.

आमच्याकडे रॅम्प नाही, जांभ्याचा बांध आहे. हौद्याच्या उंचीइतका चिरा रचून मागे माती भरली आहे. गाडी उलटी घेऊन फाळका बांधाला टेकवायचा, मधल्या फटीवर जाड फळी टाकायची आणि यंत्र सपाट चालत आत. चढ नाहीच. रानवाट, तुम्ही जाल तिथे एखादा उंचवटा किंवा दरड मिळाली तर गाडीचं तोंड उताराकडे आणि पाठ उंचवट्याकडे करून उभी करा, निम्मा चढ तिथेच संपतो.

पावसाळ्यात फळीवर शेवाळाचा बुळबुळीतपणा येतो. आम्ही आडव्या रिपा ठोकल्यात, वर गोणपाट घालतो. आणि नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते हे लक्षात ठेवा. आंबा घाट उतरायच्या आधी आमचा ड्रायव्हर वर आंबा गावापाशी थांबतो, प्रत्येक गाठ हाताने दाबून बघतो, मगच उतरतो. उतारावर सगळा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या चाकांपुढे लाकडी पाचर ठोकतोच.

ओहोळ

दर्याकिनारी, बांधाची कल्पना सुंदर आहे. आणि गाठी तपासायचा तुमच्या ड्रायव्हरचा नियम इकडच्या नियमपुस्तकातही आहे. व्यावसायिक ड्रायव्हरने पहिल्या ५० मैलांत थांबून बांधणी तपासायची असते. मी तर त्याच्या खूप आधी, गावाबाहेर पडल्यावर पहिल्याच गॅस स्टेशनवर थांबतो. पट्टे पहिल्या दहा-पंधरा मैलांतच बसतात.

गॅस स्टेशनवरून आठवलं. पेट्रोलचा कॅन हौद्यात ठेवून भरू नका. हौद्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर स्थिर वीज साठते, ठिणगी पडू शकते. कॅन खाली जमिनीवर ठेवायचा, भरायचा, झाकण लावायचं, मग वर.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत उलटा केला. पाच फुटी घडीचा ट्रेलर घेतला, बारा इंची चाकं. गॅरेजच्या मागच्या भिंतीला बरोबर उभा राहतो, फक्त सायकली छताला टांगाव्या लागल्या. होंडा फाळका लावून हौद्यात बसते आणि वर चार बोटं जागा उरते!

एक विचारायचं होतं. हिचवर भार किती आला हे कसं मोजायचं? ट्रेलर गाडीला जोडून चालवून बघितला, रिकामा असताना ठीक होता. पोलारिस घातल्यावर पन्नासच्या आसपास मागे किंचित डुलतोय असं वाटलं, ब्रेक न दाबता लगेच वेग कमी केला.

नटबोल्ट

वेग कमी केलात तेच बरोबर. ब्रेक दाबला नाहीत हेही बरोबर. डुलणं हे बहुतेक वेळा हिचवर भार कमी असल्याचं लक्षण आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा.

मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना पाचर लावा, एटीव्ही प्रवासात असते तशी पूर्ण बांधलेली. हिचच्या उंचीइतके लाकडी ठोकळे काट्यावर रचा आणि ट्रेलरचं नाक त्यावर अलगद टेकवा. जो आकडा येईल तो, ठोकळ्यांचं वजन वजा करून.

रानवाट

मोजलं. ७० आलं. एकूण ९८५ धरलं तर सात टक्के.

नटबोल्ट

एटीव्ही पुढे सरकवा. तळाच्या पुढच्या टोकाला चाक अडवायचा लाकडी ठोकळा आहे का?

रानवाट

होता, आणि तोच आड येत होता. तो काढून सात इंच पुढे नवा बोल्ट केला. आता काटा १२० दाखवतो. पंचावन्नपर्यंत नेऊन पाहिला, सरळ रेषेत येतोय. नटबोल्ट, तुम्ही समोर असता तर जेवायला घातलं असतं.

घाटमाथा

वा! हॉलिस्टर हिल्ससाठी तुम्ही तयार आहात. नवशिक्यांसाठी तिथे सोपे रस्ते आहेत, ट्रेलरही कडक जमिनीवर लावता येतो.

ओशियानोबद्दल मात्र थोडं थांबा. तिथे एटीव्ही गेटपाशी उतरवून चालवत नेता येत नाही. किनाऱ्यावरून दोन नंबरच्या खांबापर्यंत त्या गाडीवर लादूनच न्याव्या लागतात, त्यापुढे उतरवायच्या. म्हणजे तुमचा भरलेला पिकअप आणि मागे बारा इंची चाकांचा ट्रेलर वाळूतून ओढायचा. गाडीच्या टायरांची हवा १५-२० पीएसआयपर्यंत उतरवावी लागते, परत भरायला कॉम्प्रेसर हवा. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळच्या ओल्या कडक वाळूवरून जायचं. वाटेत अरोयो ग्रांदेचा ओढा लागतो, पाणी वाढलेलं असेल तर ओलांडायचं नाही. आणि वाळूत प्रत्येक एटीव्हीला जमिनीपासून किमान आठ फूट उंच पोचणारी झेंड्याची काठी लागते. ती प्रवासात काढून ठेवा, हायवेवर वाऱ्याने तुटते.

छोट्या चाकांचा ट्रेलर तिथे नांगरासारखा रुततो. त्या फेरीपुरता मोठ्या चाकांचा ट्रेलर भाड्याने घ्यावा असं मला वाटतं.

टेक्सासकर

किंवा त्या फेरीपुरती फक्त होंडा हौद्यात न्या, आणि तुमच्यासाठी तिथेच एटीव्ही भाड्याने घ्या. मुलगी तिच्या सवयीच्या यंत्रावर राहील, ट्रेलर घरी.

रानवाट

टेक्सासकर, हे फार आवडलं. घरात ठराव मांडतो.

पाऊलवाट२

धागा वाचून एक प्रश्न. आमच्याकडे पिकअप नाही, मिनीव्हॅन आहे. मागची सीट तळात जाते, प्लायवुडचा पूर्ण पत्रा आडवा मावतो. मुलाची ९० सीसीची एटीव्ही आत मावेल असं मोजून पाहिलंय. चालेल का?

सोनचाफा

नको. मावेल, पण नको. टाकी रिकामी केली तरी पेट्रोलची वाफ राहते, आणि तुम्ही सगळे त्याच हवेत श्वास घेणार. गाडी उन्हात उभी राहिली तर आणखी वाईट.

ओहोळ

आणि आतल्या कड्या किराणाच्या पिशव्यांसाठी असतात. २७० पौंडांचं यंत्र ब्रेक लागल्यावर सुमारे २१५ पौंडांनी पुढे येणार, आणि पुढे मुलं बसलेली. मिनीव्हॅनला हिच बसवता येतं. मालकाच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा बघा. काही मॉडेलांना ती जास्त असते, काहींना ओढायलाच मनाई असते. परवानगी असेल तर ४ बाय ८चा घडीचा ट्रेलर तुमच्या छोट्या एटीव्हीला भरपूर झाला. हिच बसवताना ट्रेलरच्या दिव्यांची वायरिंगही त्याच वेळी करून घ्या. मॉडेल आणि वर्ष इथे लिहा, पुढचं बघू.

पाऊलवाट२

पुस्तिका गाडीतच आहे. संध्याकाळी बघून लिहितो.